चपट्या चेहऱ्यामागची मांजर

पुण्या-मुंबईच्या पेट शॉपमध्ये पर्शियन मांजरीचं पिल्लू मागितलं की दुकानदार विचारतो, 'डॉल फेस हवं की पंच फेस?' डॉल फेस म्हणजे नाक जरा पुढे असलेलं. पंच फेस म्हणजे नाक थेट डोळ्यांच्या रेषेत गेलेलं, चेहरा बशीसारखा सपाट. मधलं ते सेमी पंच. शांत जात आहे, कोपऱ्यात पडून राहील, फ्लॅटमध्ये काही त्रास नाही, असंही तो सांगतो आणि त्यात खोटं काही नाही. पर्शियन खरोखरच शांत असते. पण घरातल्या घरात वाढणाऱ्या या मांजरींना सगळ्यात जास्त धोका त्याच शांतपणाचा आहे, असं माझं मत आहे. मांजर मुळातच दुखणं लपवते. आणि हिचा तर चेहराच माणसाने असा घडवला आहे की त्यावरून काही कळू नये.

२०१९ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी मांजरीच्या वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कान कुठे वळलेत, डोळे किती बारीक झालेत, तोंडाभोवती ताण आहे का, मिश्या कशा आहेत आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का, अशा पाच खुणा आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या लॉरेन फिंका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जातींच्या मांजरींच्या फोटोंवर ठरावीक बिंदूंमधली अंतरं मोजली. चपट्या चेहऱ्याच्या जातींमध्ये नुसत्या निवांत बसलेल्या मांजरींचे चेहरेही वेदना होत असलेल्या मांजरींसारखे दिसत होते. जिचा चेहरा कायम त्रासलेला दिसतो, तिला आज खरंच त्रास होतोय हे ओळखायचं कसं?

वागण्यावरून. आणि त्यात पहिला मान लिटर बॉक्सचा, म्हणजे मांजरीच्या शी-शूच्या मातीच्या डब्याचा. आपल्याकडची बरीचशी लिटर बेंटोनाइट नावाच्या मातीची असते. ही माती कच्छमध्ये भरपूर सापडते आणि पाणी लागलं की फुगून तिचा घट्ट गोळा होतो. रोज किती गोळे निघतात, केवढे निघतात, हे मांजरीच्या मालकाला तोंडपाठ असायला हवं. विशेषतः घरात बोका असेल तर. बोका बॉक्समध्ये जाऊन बसतो, अंग आखडतो, माती उकरून बाहेर येतो आणि पाच मिनिटांत परत आत जातो. चाळून पाहावं तर एकही गोळा नाही. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नसेल. खरं तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असतो. बोक्याचा हा मार्ग टोकाकडे फारच अरुंद असतो. खड्यांची बारीक कच किंवा चिकट द्रव्याचा बोळा तिथे अडकला की लघवी थांबते, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. रात्री अकराला हे लक्षात आलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

याचं एक मूळ पाण्यात आहे. घरातल्या सगळ्या मांजरींचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतला आणि पश्चिम आशियातला रानमांजर. कोरड्या मुलखात तो उंदरा-पाखरांच्या शरीरातल्या पाण्यावर भागवायचा आणि मूत्रपिंडं लघवी अतिशय घट्ट करून पाणी वाचवायची. ती सवय आजही टिकून आहे. घरातल्या मांजरीला आपण कोरडे दाणे घालतो, आणि तहान मात्र तिला बेताचीच लागते. म्हणून दिवसातून निदान एकदा ओलं खाणं द्यावं आणि पाण्याची भांडी रुंद, घरात दोन-तीन ठिकाणी, लिटर बॉक्सपासून लांब ठेवावीत.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर दूध-चपातीबद्दलही बोलायला हवं. शाकाहारी घरांत मांजर मोठ्या प्रेमाने दूध-भातावर वाढवली जाते. पण तिच्या शरीराला टॉरिन हा घटक पुरेसा बनवता येत नाही. तो मांसातूनच मिळतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजरीचं हृदय फुगून निकामी होतं, आणि टॉरिन दिलं की ते सुधारतंही. त्यानंतर कंपन्यांनी मांजरीच्या खाद्यातलं टॉरिन वाढवलं. मांजरीला तर गोड चवसुद्धा कळत नाही, त्या चवीचं जनुकच तिच्यात मोडलेलं आहे. घरात मांस-मासे आणायचे नसतील तर निदान मांजरीसाठी बनवलेलं संपूर्ण खाद्य द्यावं. यात तडजोड चालत नाही.

असंच आणखी एक मोडलेलं जनुक घरातल्या अनेक अपघातांमागे आहे. आपलं यकृत कितीतरी विषारी द्रव्यांना एक साखरेचा रेणू जोडून ती शरीराबाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात या कामाचं एक महत्त्वाचं विकर बनतच नाही. तेच सिंहाचं, तेच चित्त्याचं. सगळं कुळ मांसाहारी, वनस्पतींमधली विषं पचवायची वेळ फारशी आली नाही, म्हणून ते जनुक निकामी झालं तरी चाललं, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. आपल्या घरात मात्र ते महाग पडतं. अंग गरम लागलं म्हणून कुणी पॅरासिटॅमॉल दिलं, तर एका गोळीनेही मांजर दगावू शकते. रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. काळं फिनेल घालून लादी पुसली की ओल्या लादीवरून चालून आलेली मांजर पंजे चाटते. त्या फिनेलमधले फिनॉलही तिला नीट बाहेर टाकता येत नाहीत. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, डिफ्यूझरमधली सुगंधी तेलं यांपासूनही तिला दूर ठेवलेलं बरं. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजरीला लावलं तर तिला झटके येतात.

फुलांपैकी एकाच फुलाची भीती मनात कायमची ठसवून घ्यावी: लिली. वाढदिवसाच्या गुच्छात असते ती मोठी, वासाची, केशरी परागांची लिली. तिची पाकळी, पान, लांब केसांवर सांडलेले परागकण चाटले तरी, एवढंच काय फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी, मांजरीची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. कुंडीतली पीस लिली वेगळी. ती चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडं वाचतात. मोगऱ्याचा गजरा मात्र निर्धास्त असू द्या.

आता बाल्कनी. १९८७ मध्येच न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयाने उंचावरून पडलेल्या १३२ मांजरींची नोंद प्रसिद्ध केली. सरासरी साडेपाच मजले पडूनही उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगल्या. मांजर कुठूनही पडली तरी चार पायांवर उतरते, हा समज त्यामुळे आणखी पक्का झाला. पण त्यात रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या मांजरीच मोजल्या होत्या. जागीच मेलेल्यांना कोण घेऊन जाणार? जगलेल्यांपैकीही पुष्कळांची छाती फुटली होती, जबडे मोडले होते. आपल्या इमारतींच्या कठड्यांवर दिवसभर कबुतरं बसलेली असतात, आणि कबुतर दिसलं की शांत पर्शियनही शिकारी होते. खिडकीची डासांची नायलॉन जाळी तिच्या नखांपुढे टिकत नाही. कबुतरांसाठी लावतात ती जाडजूड जाळी चारही बाजूंनी घट्ट ताणलेली हवी, आणि कुठे कुरतडली आहे का हे अधूनमधून हाताने चाचपून पाहायला हवं.

आणि ते कबुतर नुसतं काचेतून बघत दिवस काढायचा, हीही शिक्षाच आहे. दबा धरणं, पाठलाग, झडप, पकड आणि मग खाणं हा क्रम मांजरीच्या मेंदूत पक्का बसलेला आहे. काठीला बांधलेलं पीस जमिनीलगत, सोफ्याच्या आडोशाने सरपटवा. थांबवा, पुन्हा हलवा. ती कंबर हलवून झेप घेईल. शेवटी पीस तिला पकडू द्या आणि लगेच खायला घाला. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांचा हा खेळ महागड्या खेळण्यांपेक्षा जास्त कामाचा आहे. नुसता लेझरचा ठिपका नको. त्यात पकडण्यासारखं काहीच नसतं. खिडकीपाशी एक फळी आणि तिथवर चढायला बुटकी पायरी एवढं केलंत तर ती दिवसाचा बराच वेळ तिथे काढेल. रोज चढणारी मांजर एक दिवस खालीच बसून राहिली, तर सांधे तपासून घ्या. आळस समजून सोडून देऊ नका.

चपट्या चेहऱ्याची सेवा वेगळीच. अश्रूंची नळी वाकडी झाल्याने डोळ्यांतून पाणी वाहतं. ते रोज कोमट ओल्या कापसाने टिपावं लागतं. काखेत, कानामागे आणि मांड्यांच्या आत केसांच्या जटा होतात, त्या कातडी ओढतात आणि खाली ओल साचते. म्हणून रोज विंचरणं आलंच. मे महिन्यात ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर गार खोली आणि डॉक्टर दोन्ही लगेच हवेत. आणि लस? घराबाहेर न जाणाऱ्या मांजरीलाही हवीच. मांजरींचा पार्वो विषाणू आपल्या चपलांच्या तळव्याला चिकटून घरात येऊ शकतो.

राहिला प्रश्न वंशाचा. १६२० च्या सुमारास पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशाने इराणमधल्या लांब केसांच्या मांजरींचं कौतुक पत्रातून कळवलं होतं.  नाव पर्शियन असलं तरी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन पश्चिम युरोपातल्या मांजरींच्या जवळची निघाली. युरोप-अमेरिकेच्या मांजर-प्रदर्शनांसाठी मोजक्या देखण्या मांजरींपासून पिढ्यानपिढ्या पैदास झाली. त्या वंशात मूत्रपिंडात गाठी धरण्याचा आजारही पसरला. त्याला कारण असलेला बदल पीकेडी-१ या जनुकात २००४ मध्ये सापडला. आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरे. जन्मापासून असलेल्या बारीक गाठी वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि मधल्या वयात मूत्रपिंडं थकतात. मांजर तोवर शांतच असते.

गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर याची चाचणी होते, आयुष्यात एकदाच. साधारण दहा महिन्यांनंतर सोनोग्राफीतही गाठी दिसतात. सदोष जनुक असलेल्या मांजरीची पैदास थांबवली तर त्या घराण्यातून हा आजार एका पिढीत नाहीसा करता येतो. म्हणून दुकानात डॉल फेस की पंच फेस हे ठरवण्याआधी पिल्लाच्या आईबापाचे रिपोर्ट मागा. ते नाहीत असं उत्तर आलं, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी तिथून घेऊ नका.