चिटणिसांच्या टेबलावरून चाललेला लढा

न्यूयॉर्कमधल्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ६९ क्रमांकाच्या इमारतीच्या खिडकीतून १९३० च्या दशकात अधूनमधून एक काळा झेंडा बाहेर सोडला जाई. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती: काल एका माणसाचं लिंचिंग झालं. मेलेल्याचं नाव नाही, गाव नाही, घोषणा नाही. दक्षिणेत कुठेतरी झुंडीने कुणाला मारल्याची खबर ऑफिसात आली की झेंडा लागायचा. खाली खरेदीला निघालेल्या माणसांनी मान वर करून तो वाचायचा आणि पुढे जायचं. १९३८ मध्ये जागामालकाने बजावलं की झेंडा काढा, नाहीतर जागा सोडा. झेंडा निघाला, ऑफिस राहिलं.

हे ऑफिस होतं ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेचं. अमेरिकेत तिला एन-डबल-ए-सी-पी म्हणतात. आपल्याला तिथल्या काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतले मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक असतात, त्यांचं वॉशिंग्टनचं भाषण ठाऊक असतं. पण किंग यांचा जन्म झाला तेव्हा ही संस्था वीस वर्षांची होती, आणि आज ती शंभरी ओलांडून गेली आहे. तिचं नेतृत्व बहुतेक काळ व्यासपीठावर नव्हतं. ते सरचिटणिसांच्या टेबलावर होतं, जिथे वर्गणीच्या पावत्या, कोर्टाची कागदपत्रं आणि खासदारांच्या मतांच्या याद्या पडलेल्या असत. झेंडा की ऑफिस, असा प्रश्न संस्थेपुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला. तिने बहुधा ऑफिस निवडलं. त्यासाठी तिने भरपूर शिव्या खाल्ल्या आणि त्यामुळेच ती टिकली.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्डमध्ये गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वस्तीवर हल्ला केला, घरं जाळली, माणसं मारली. हे लिंकनचं गाव. विल्यम इंग्लिश वॉलिंग या पत्रकाराने तिथे जाऊन लेख लिहिला आणि शेवटी विचारलं, या माणसांच्या मदतीला कुणी उभं राहणार आहे का? मेरी व्हाइट ओव्हिंग्टन या समाजसेविकेने तो वाचला आणि वॉलिंगला गाठलं. १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, लिंकनच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, साठेक जणांच्या सह्यांचं आवाहन निघालं. सह्या करणाऱ्यांत काळे होते अवघे सात; त्यांत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस आणि इडा बी. वेल्स. गोऱ्यांत एक नाव प्राध्यापक जॉन ड्युई यांचं. चारच वर्षांनी कोलंबिया विद्यापीठात याच ड्युईंसमोर मुंबईहून आलेला भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी बसणार होता.

संस्थेचे पहिले अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी हे बोस्टनचे गोरे वकील. मुख्य पदाधिकाऱ्यांत काळे एकटे ड्युबॉइस. अध्यक्षपदावर गोरी व्यक्ती असण्याचा शिरस्ता १९७० च्या दशकापर्यंत चालला. मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तेव्हा तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि व्यवस्थापक मंडळाची सूत्रं बाबासाहेबांकडे होती. वजनदार नाव वर, काम करणारा हात खाली, ही रचना दोन्हीकडे होती. हितचिंतकांचे पैसे आणि ओळखी हव्यात, पण लढ्याचा लगाम आपल्याच हाती हवा, हा पेचही दोन्हीकडचा. न्यूयॉर्कमध्ये तो हळूहळू सुटला, तोही अध्यक्ष बदलून नव्हे. सरचिटणिसाचं पद वजनदार होत गेलं म्हणून.

आधी मात्र ड्युबॉइस यांनी मासिक हाती घेतलं. नोव्हेंबर १९१० मध्ये ‘द क्रायसिस’चा पहिला अंक हजार प्रतींचा निघाला. १९१९ पर्यंत खप लाखावर गेला. मासिक संस्थेचं असलं तरी ड्युबॉइस ते आपल्या मर्जीने चालवत, कार्यकारिणीलाही त्यात चिमटे काढत.

१९२० मध्ये जेम्स वेल्डन जॉन्सन सरचिटणीस झाले. या पदावर आलेले ते पहिले काळे गृहस्थ. कवी, गीतकार, वकील, व्हेनेझुएला आणि निकाराग्वात अमेरिकेचे वकिलातीतले अधिकारी, असा त्यांचा प्रवास. आधीची चार वर्षं ते संस्थेचे संघटक म्हणून दक्षिणेत फिरले होते. चर्चमध्ये, शाळेत, एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात दहा-वीस माणसं जमवायची, वर्गणी घ्यायची, शाखेची सनद द्यायची. १९१७ मध्ये सुमारे नऊ हजार असलेले सभासद दोन वर्षांत नव्वद हजारांवर गेले आणि शाखा तीनशेच्या पुढे. त्याच १९१७ च्या जुलैमध्ये ईस्ट सेंट लुईसच्या हत्याकांडाच्या निषेधार्थ फिफ्थ ॲव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार काळी माणसं चालत गेली. मुलं आणि बायका पांढऱ्या कपड्यांत, पुरुष गडद सुटांत, आवाज फक्त ढोलांचा. त्या मूक मोर्चामागेही जॉन्सन यांचं डोकं होतं.

त्यांचा दुसरा उद्योग लिंचिंगविरोधी कायद्याचा. संस्थेने १९१९ मध्ये मागच्या तीस वर्षांतल्या झुंडबळींची मोजदाद छापली. मग जॉन्सन वॉशिंग्टनला खेटे घालू लागले. १९२२ मध्ये डायर विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी वेळ खाऊन ते मारलं.

जॉन्सन यांच्यानंतर आलेले वॉल्टर व्हाइट गोरे दिसत. निळे डोळे, फिकट केस. पण स्वतःला काळे म्हणवत, कारण ते काळ्या घरात जन्मले होते. या रूपाचा त्यांनी संस्थेसाठी पुरेपूर वापर केला. १९१९ च्या शरदात आर्कान्सासच्या फिलिप्स काउंटीत, कापसाच्या वाट्यासाठी एकत्र आलेल्या काळ्या कुळांवर गोऱ्यांनी हल्ले केले. मेलेल्यांची नीट गणती कधीच झाली नाही, आणि फाशीची शिक्षा मात्र बारा काळ्यांना झाली. व्हाइट शिकागोच्या वर्तमानपत्राचे गोरे बातमीदार म्हणून तिथे पोहोचले. त्यांचं बिंग फुटलंय अशी कुजबुज कानावर आली, तसे ते रेल्वेने निसटले. कंडक्टर त्यांना म्हणाला, साहेब, ऐन मजेच्या वेळी निघालात. गोरा असल्याची बतावणी करणारा एक जण गावात आलाय, पोरं त्याला धरणार आहेत. व्हाइट यांनी आणलेली माहिती आणि संस्थेचे वकील यांच्या जोरावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. झुंडीच्या दहशतीखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, हे न्यायालयाने १९२३ मध्ये मान्य केलं. बाराही जण फाशीतून वाचले.

सरचिटणीस म्हणून व्हाइट यांनी संस्थेला राजकारणाचं गणित शिकवलं. १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी जॉन पार्कर यांचं नाव सुचवलं. काळ्यांनी राजकारणात पडू नये, असं पार्कर पूर्वी एका प्रचारात बोलले होते. संस्थेने ते कात्रण शोधून काढलं, शाखांना तारा केल्या, शाखांनी सिनेटरांना. कामगार संघटनाही विरोधात उतरल्या होत्याच. नियुक्ती ४१ विरुद्ध ३९ मतांनी पडली. पार्करच्या बाजूने मत देणाऱ्यांच्या नावांवर खूण करून पुढच्या निवडणुकांत त्यांच्याविरुद्ध प्रचार झाला. पक्ष कुठलाही असो, हिशेब ठेवायचा, ही संस्थेची सवय इथून लागली.

पण असा हिशेबी माणूस आणि ड्युबॉइस यांचं पटणार कसं? महामंदीत काळ्यांनी आपल्या वेगळ्या सहकारी संस्था उभाराव्यात, असं ड्युबॉइस लिहू लागले. सगळी ताकद गोऱ्या-काळ्यांचं विलगीकरण मोडण्यात घालणाऱ्या संस्थेला ते परवडणारं नव्हतं. १९३४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दहा वर्षांनी ते परत आले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं: अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती सारखी आहे, संयुक्त राष्ट्रांकडे तुमच्या लोकांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का? ड्युबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिलं आणि आमची संस्थाही असा अर्ज करण्याच्या विचारात आहे, असं कळवलं. तो अर्ज त्यांच्याच संपादनाखाली १९४७ मध्ये सादर झाला. अमेरिकी सरकार अवघडलं, आणि संस्थेच्या कार्यकारिणीवर असलेल्या एलिनॉर रूझवेल्टही. पुढच्याच वर्षी संस्थेने ड्युबॉइस यांना काढून टाकलं. इथेही ऑफिसच जिंकलं, आणि हा विजय शोभणारा नव्हता.

या ऑफिसातून उभं राहिलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे शाळांचे खटले. चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे विद्यार्थी थर्गुड मार्शल यांनी आधी कायद्याची महाविद्यालयं, मग पदव्युत्तर शिक्षण, मग प्राथमिक शाळा असा एकेक दगड सैल केला. कर सवलतीच्या देणग्या घेता याव्यात म्हणून १९४० मध्ये ‘लीगल डिफेन्स फंड’ ही वेगळी शाखासंस्था काढली, कारण खासदारांमागे लागणाऱ्या मूळ संस्थेला ती सवलत नव्हती. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात विलगीकृत शाळा घटनाबाह्य ठरल्या. पुढे फंड पूर्ण स्वतंत्र झाला, आणि १९८० च्या दशकात तर नावातल्या आद्याक्षरांवरून मायलेकी कोर्टात गेल्या. मूळ संस्था हरली.

खटले न्यूयॉर्कहून चालत, पण फिर्यादी गावात राहत. हे अंतर एला बेकर यांनी सर्वांत नेमकं ओळखलं. १९४० च्या दशकात त्या शाखांच्या संचालक होत्या आणि वर्षातले कित्येक महिने दक्षिणेत फिरत. त्या काळात सभासद पन्नास हजारांवरून साडेचार लाखांच्या घरात गेले. मुख्यालयाला सभासद म्हणजे वर्गणी एवढंच दिसतं, त्यांनी ठरवावं असं वाटत नाही, हा त्यांचा आक्षेप. १९४६ मध्ये त्या नोकरी सोडून गेल्या. त्यांनी घेतलेल्या एका प्रशिक्षण शिबिराला माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस आल्या होत्या. त्यांचं नाव रोझा पार्क्स. १९५५ मध्ये बसमधली जागा न सोडणारी ही बाई म्हणजे केवळ दमलेली शिवणकाम करणारी नव्हती. बारा वर्षं शाखेची इतिवृत्तं लिहिणारी, अत्याचारांच्या जबान्या टिपणारी ती कार्यकर्ती होती.

पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीच्या काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. त्याने चिडलेल्या अलाबामा सरकारने १९५६ मध्ये संस्थेवर वेगळाच घाव घातला. राज्यातल्या सगळ्या सभासदांची नावं-पत्ते द्या, असा कोर्टाचा हुकूम आणला. ही यादी म्हणजे काय, हे गावच्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. नाव कळलं की शिक्षिकेची नोकरी जाई, शेतकऱ्याचं कर्ज बँक एका दिवसात परत मागे, घरावर दगड पडत. संस्थेने पदाधिकाऱ्यांची नावं दिली, साध्या सभासदांची दिली नाहीत. दंड झाला एक लाख डॉलर. सरचिटणीस होते रॉय विल्किन्स, मूळचे पत्रकार आणि काटेकोर माणूस. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की संघटनेत असण्याच्या स्वातंत्र्यात नाव गुप्त ठेवण्याचा हक्कही येतो. तरी अलाबामात पुन्हा काम सुरू व्हायला १९६४ उजाडलं. आज अमेरिकेतल्या सगळ्या रंगांच्या संघटना या निकालाच्या आडोशाला उभ्या आहेत.

यादीतली नावं बचावली, पण ज्यांची नावं जाहीर होती त्यांनी किंमत मोजली. फ्लोरिडाचे हॅरी मूर आणि त्यांच्या पत्नी हॅरिएट १९५१ च्या नाताळात घरातल्या बॉम्बस्फोटाला बळी पडले. मिसिसिपीचे संघटक मेडगर एव्हर्स यांना १२ जून १९६३ रोजी स्वतःच्या दारात गोळी घातली गेली.

रस्त्यावर तरुण मार खात असताना विल्किन्स सबुरीची भाषा बोलतात, अशी टीका त्या वर्षांत रोज होई. पण त्याच वेळी संस्थेचे वॉशिंग्टनचे प्रतिनिधी क्लॅरेन्स मिचेल सिनेटच्या व्हरांड्यांत मतं मोजत होते. शंभर सिनेटरांच्या सभागृहात त्यांना एकशे एकावा सिनेटर म्हणत. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि १९६८ चा घरांविषयीचा कायदा यांच्या प्रवासात त्यांचा हात आहे. रस्त्याने दाब निर्माण केला, मिचेलनी त्याचं मतांत रूपांतर केलं. दोन्हींतलं एक वगळून ही गोष्ट सांगता येत नाही.

पुढचा काळ उताराचा. १९९३ मध्ये प्रमुखपदी आलेले बेंजामिन चॅव्हिस दीड वर्षाच्या आतच गेले. एका माजी कर्मचारी महिलेशी तडजोड करताना मंडळाला न विचारता संस्थेचा पैसा कबूल केल्याचं उघड झालं होतं. तिजोरीत लाखो डॉलरची तूट. १९९५ मध्ये मेडगर एव्हर्स यांच्या पत्नी मर्ली एव्हर्स-विल्यम्स एका मताने मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी हिशेब मार्गावर आणले. दहा वर्षांनी मोठ्या कंपनीतून आणलेले ब्रूस गॉर्डन १९ महिन्यांत बाहेर पडले. साठाहून अधिक सदस्यांचं मंडळ आणि कंपनीच्या कामाची सवय असलेला मुख्य अधिकारी यांचं जमलं नाही. कंपनीत हुकूम सुटतो, सभासदांच्या संस्थेत ठराव मांडावा लागतो.

कर खात्याचा काचही होता. २००४ मध्ये मंडळाचे अध्यक्ष ज्युलियन बाँड यांनी भाषणात बुश सरकारवर टीका केली म्हणून संस्थेला पुढे मिळालेल्या करसवलतीची चौकशी लागली. दोन वर्षांनी संस्था निर्दोष ठरली. २०१७ मध्ये डेरिक जॉन्सन प्रमुख झाले, त्याच वर्षी संस्थेने अधिक मोकळेपणाने राजकीय काम करता येईल अशा करवर्गात जायचं ठरवलं. देणगीदाराची सूट गेली, बोलण्याची मुभा वाढली.

२९ मार्च २०२२ रोजी लिंचिंगला संघराज्याच्या कायद्यात गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. तोवर शतकभरात असे सुमारे दोनशे प्रयत्न फसले होते. पहिल्या जॉन्सन यांनी उचललेलं काम या दुसऱ्या जॉन्सन यांच्या कारकिर्दीत पुरं झालं. मधले व्हाइट, विल्किन्स, मिचेल ते न पाहताच गेले. इतका लांब लढा एका नेत्याच्या आयुष्यात मावत नाही. त्याला ऑफिस लागतं, डॉलर-दोन डॉलर भरणारा सभासद लागतो, आणि नव्या चिटणिसाला जुनी फाइल कुठे आहे ते सांगणारं कुणीतरी लागतं.