दोघेही चिडले म्हणजे चॅनेल निःपक्ष?

२०२४च्या विधानसभेला कुडाळ मतदारसंघात नीलेश राणे आणि वैभव नाईक आमनेसामने होते. तेव्हापासून मालवणच्या बाजारात एकच वाक्य कानावर येतं: ‘दोनय बाजूचे चॅनेलाक गाळी घालतत, म्हणजे चॅनेल बरोबरच आसा!’ चांगली शिकलेली माणसंही हे बोलतात, म्हणून जास्त त्रास होतो.

अहो, रागावरून बघणारा कळतो, कार्यक्रम नाही. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बैरूतमधल्या १९८२च्या हत्याकांडाच्या त्याच बातम्या त्यांनी इस्रायल-समर्थक आणि अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्या आपल्याच विरोधात वाटल्या. चॅनेलवरची चर्चा सरळ असो की वाकडी, कडवे समर्थक चिडणारच. मग त्यांच्या चिडण्यावरून निःपक्षपणा कसा ठरवायचा?

त्यापेक्षा चर्चा बघताना वही घेऊन बसा. मध्येच कुणाला तोडलं, कुणाला उत्तर टाळू दिलं, कुणाला तोच प्रश्न पुन्हा विचारला, हे टिपा. मिनिटं सारखी मोजून दिली तरी झुकतं माप इथूनच शिरतं. आणि मुख्य म्हणजे, कोणता प्रश्न आलाच नाही? मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, त्याबद्दल विचारायलाच हवं. पण केंद्राने २०१७मध्ये बंदी घातलेली एलईडी दिव्यांची मासेमारी रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, तोंडचा घास हिरावते. तिचं नावही निघालं नाही, तर त्यांच्यासाठी ती चर्चा एकतर्फीच.

‘सगळ्या उमेदवारांना समान वेळ द्यायचा कायदा आहे’ हेही ऐकतो. खासगी चॅनेलांना तसा कायदा नाही. दूरदर्शन-आकाशवाणीवरचा मोफत वेळही मान्यताप्राप्त पक्षांचा, अपक्षांचा नव्हे. ‘मतदानाआधीचे शेवटचे ४८ तास पेपरात प्रचार छापता येत नाही’ हेही चूक. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६मधली ती बंदी टीव्ही-सिनेमासारख्या माध्यमांवर आहे.

‘मालक बघितला की पक्षपात कळतो’ हे अर्धंच खरं. ‘सामना’ ठाकरेंच्या शिवसेनेचा, ‘प्रहार’ नारायण राणेंनी सुरू केलेला, हे वाचकाला माहीत असतं; तो तसा वाचतो. फसवणूक होते ती पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरात. २००९च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्धच केला नाही. २०११मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो बाहेर आला. तसा मजकूर दिसला तर कात्रण तारखेसकट जपा आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे तक्रार करा.