फायबर लेसरचे अतिलघू स्पंद
सेकंदाचे दहा कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी; हा झाला एक फेम्टोसेकंद. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाशही जेमतेम ०.०३ मिलिमीटर जातो. तेवढ्या वेळाच्या प्रकाशस्पंदात १ मायक्रोज्यूल ऊर्जा सामावली, की क्षणिक शक्ती १ कोटी वॅट होते.

असे स्पंद इटर्बियम मिसळलेल्या काचतंतूत वाढवतात. लांब, बारीक तंतूतून उष्णता झटकन निघते. पण केसाहून बारीक गाभ्यात प्रकाश फार तीव्र झाला, तर स्पंद विस्कटतो, काचही फुटते.

बीडच्या बिंदुसरा नदीला एकदम लोंढा आला तर पुलाला धोका. तेच पाणी सावकाश आले तर सुखरूप जाते. हीच युक्ती वापरून डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये स्पंद आधी ताणला, मग वाढवला, शेवटी पुन्हा आकसला. ताणायला त्यांनी काचतंतूच वापरला होता. २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फायबर लेसरमध्ये आकसण्याचे काम तंतूबाहेर, बारीक रेघांच्या जालकांवर होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिलघू स्पंदांनी पदार्थाचा अभ्यास चालतो. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतही असे स्पंद वापरतात, कारण आजूबाजूचा भाग तापण्याआधीच छेद पूर्ण होतो.