कळवण तालुक्यातील उन्हाळा आणि पिण्याचे पाणी

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य भागातील कळवण तालुका पावसाळ्यात पाहणाऱ्यास येथे कधी पाण्याची उणीव भासत असेल हे खरे वाटणार नाही. दक्षिणेस सातमाळ्याची रांग, उत्तरेस डोलबारीचे डोंगर आणि मधून पूर्वेकडे वाहणारी गिरणा, असे या तालुक्याचे रूप आहे. पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात पाऊसही चांगला पडतो. तथापि होळी होऊन गेली की याच पट्ट्यातील उंचावरच्या पाड्यांवर स्त्रियांच्या डोक्यावरील हंड्यांची वाट लांबू लागते. जेथे पाऊस अधिक तेथेच उन्हाळ्यात पाणी दुर्मीळ, हे कोडे तालुक्याच्या खडकात दडलेले आहे.

हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. या कातळात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उतारावर मुरमाचा थर पातळ असल्याने पावसाचे पाणी जिरण्यापूर्वीच ओढ्यांना मिळते व ओढे ते गिरणेकडे नेतात. जे थोडे जिरते तेही झऱ्यांच्या वाटे डिसेंबर-जानेवारीपर्यंत खाली निघून जाते. दरीतील विहिरीस मे महिन्यात पाणी असते आणि माथ्यावरील पाड्याची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखविते, याचे कारण हेच होय.

आराखडा कसा तयार होतो

टंचाई उन्हाळ्यात जाणवत असली तरी तिचा अंदाज पावसाळा संपताच बांधला जातो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली जाते. पातळीतील घट आणि पावसाची तूट या दोहोंवरून कोणत्या गावांत केव्हा टंचाई भासेल, याचा अहवाल तयार होतो.

या अहवालाच्या आधारे पंचायत समिती व तहसील कार्यालय गावनिहाय आराखडा तयार करतात आणि जिल्हाधिकारी त्यास मान्यता देतात. आराखड्याचे तीन टप्पे असतात : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. टँकर हा त्यातील शेवटचा उपाय आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. नळयोजनेची व विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती, नव्या विंधन विहिरी, विहिरीतील गाळ काढणे वा ती खोल करणे, नदीनाल्याच्या पात्रात बुडक्या घेणे, तात्पुरती पूरक नळयोजना, खाजगी विहिरीचे अधिग्रहण, हे उपाय आधी तपासावयाचे असतात. बिघडलेला हातपंप वेळेत दुरुस्त झाला तर एप्रिलमधील टँकर टळू शकतो. म्हणूनच दुरुस्तीची मागणी जानेवारीतच नोंदविणे गावाच्या हिताचे ठरते.

संपूर्ण कळवण तालुका १९८५ पासून अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट असल्याने येथे ग्रामसभेचे महत्त्व विशेष आहे. १९९६ चा पंचायत विस्तार कायदा आणि राज्याने २०१४ मध्ये केलेले नियम यांमुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेता येते. ग्रामपंचायतीच्या मुख्य गावात पाणी आहे, म्हणून तिच्या दूरच्या पाड्याची अडचण कागदावर येतच नाही, असे पूर्वी घडत असे. पाड्याच्या ग्रामसभेने ठराव केला तर ती अडचण स्वतंत्रपणे नोंदली जाते.

विहीर कोणाची, पाणी कोणाचे

खाजगी विहिरीचे अधिग्रहण हा या सर्व उपायांतील सर्वांत नाजूक भाग आहे. कळवण हा उन्हाळी कांद्याचा तालुका. डिसेंबर-जानेवारीत लावलेला कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत काढला जातो आणि काढणीच्या आधीचे दोन महिने त्याला पाण्याची नितांत गरज असते. नेमक्या याच सुमारास गावाची विहीर आटू लागते. ज्या शेतकऱ्याची विहीर गावासाठी घ्यावयाची, त्याच्या समोर त्याचे वर्षाचे पीक उभे असते. शासन ठरलेल्या दराने मोबदला देते, परंतु त्याने वाळलेल्या कांद्याची भरपाई होत नाही. असे असूनही आपल्या विहिरीचे पाणी पाड्यास देणारे शेतकरी गावोगाव आढळतात. त्यांचा मोबदला वेळेवर पोहोचणे ही केवळ हिशेबाची बाब नव्हे. तो रखडला तर पुढील वर्षी त्याच विहिरीवर दोर टाकणे अवघड होते.

भूजलाच्या उपशास कायद्याचीही मर्यादा आहे. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणला होता. त्याची जागा घेणारा २००९ चा अधिनियम २०१४ पासून अमलात आला. त्यानुसार शेती वा उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. प्रत्यक्षात किती कूपनलिका ही मर्यादा पाळतात, हे शिवारात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

टँकरचे गणित

इतर उपाय शक्य नसतील तेव्हा टँकरचा प्रस्ताव येतो. ग्रामपंचायतीने ठराव करून मागणी पंचायत समितीकडे द्यावयाची, तहसीलदार व गटविकास अधिकारी यांनी संयुक्त पाहणी करावयाची आणि त्यानंतर मंजुरी, असा हा क्रम आहे. टँकरच्या पाण्याचे प्रमाण माणशी दिवसाला २० लिटर इतके धरलेले आहे. ३०० लोकवस्तीच्या पाड्यास या मानाने ६,००० लिटर लागतात. म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरची एक खेप दोन दिवस पुरते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने नळाद्वारे माणशी ५५ लिटरचे प्रमाण ठरविले आहे. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजेच टंचाईग्रस्त पाड्याचा उन्हाळा होय.

शिवाय कागदावरची लोकसंख्या आणि वैशाखातील लोकसंख्या यांतही फरक पडतो. द्राक्षबागांत वा वीटभट्ट्यांवर कामास गेलेली कुटुंबे अखाजीच्या सुमारास घरी परततात. लग्नसराईमुळे पाहुणे येतात. मागणी नोंदविताना ग्रामसेवकाने व ग्रामस्थांनी ही वाढ ध्यानात घेतलेली बरी. वळणावळणाच्या अरुंद चढावर मोठा टँकर पोहोचत नसल्यास लहान वाहनाचा उल्लेख प्रस्तावातच असावा. अन्यथा मंजूर झालेला टँकर पायथ्याशी थांबतो आणि हंडे पुन्हा डोक्यावरच चढतात.

पाणी शुद्ध कसे राखावे

टँकरचे पाणी बहुधा गावच्या विहिरीत ओतले जाते. तळाशी गाळ असलेल्या विहिरीत ओतलेले हे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिणे धोक्याचे आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस उद्भवणाऱ्या अतिसाराचे व काविळीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. साधारण प्रमाण असे : १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, अर्थात टी.सी.एल. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली २ मीटर असेल, तर पाणी सुमारे २५,००० लिटर भरते व त्यास १२५ ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत ओतून पाणी ढवळावे आणि निदान अर्धा तास पाणी भरू नये. पावडरचे पोते उघडे वा ओलीत राहिल्यास तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि मग मात्रा बरोबर घालूनही उपयोग होत नाही. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे सोपविलेले असते. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आरोग्य विभाग पाण्याच्या उद्भवांची पाहणी करून ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे वा लाल कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे विचारण्याचा प्रत्येक ग्रामस्थास अधिकार आहे.

धरणाचे आवर्तन

नदीकाठच्या गावांचा उन्हाळा निराळा असतो. त्यांचे लक्ष चणकापूर धरणातून गिरणेत सुटणाऱ्या आवर्तनाकडे लागलेले असते. हे पाणी कळवणपुरते नाही; देवळा व मालेगावकडील वस्त्याही त्यावर विसंबून आहेत. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा यांचे आद्याक्षर घेऊन या भागाला ‘कसमादे’ म्हणतात. नाव जोडलेले असले तरी पाण्याच्या वाटणीवरून येथे मतभेद झाले आहेत. पुनद धरणातून सटाणा शहरास पाणी नेणाऱ्या योजनेला कळवणकरांनी विरोध केला होता, तो आपल्या शेतीचे पाणी कमी होईल या भीतीपोटी. मोसम, आरम व पांझरा या नद्यांवर शतकानुशतके चालत आलेल्या फडपद्धतीत पाण्याची पाळी गावकरीच ठरवीत. आवर्तन आज पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने सुटते. ते चालू असताना नदीपात्रातील शेतीपंप बंद ठेवण्यात येतात, कारण वाटेतच उपसा झाला तर शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही.

यात्रा आणि ऊन

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर भरणाऱ्या यात्रेमुळे ऐन टंचाईत तालुक्यावर मोठा भार येतो. खानदेशातून हजारो भाविक भर उन्हात पायी येतात. त्यांच्या वाटेवरील पाणवठे, नांदुरी येथील आरोग्य पथके व गडावरील पाणी यांची व्यवस्था याच यंत्रणेस करावी लागते. पायी येणाऱ्यांनी दुपारी बारा ते चार चालणे टाळावे. चक्कर, कोरडी व तापलेली त्वचा, बरळणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीस सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

टंचाई उपायांची मुदत ३० जून रोजी संपते. पाऊस लांबला तर मुदतवाढीचा प्रस्ताव आधीच पाठवावा लागतो. मृगाच्या पहिल्या सरींनी विहिरीत गढूळ पाणी येते, तेव्हा टँकर थांबला तरी टी.सी.एल.ची मात्रा थांबवावयाची नसते.