वाड्यावरची कुत्री कोणाची?

अंत्रुज महालातील एका वाड्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी एकट्या राहतात. एक मुलगा मुंबईस, दुसरा आखातात. घर मोठे, सोपा मोठा आणि त्या सोप्यावर आठ कुत्री. त्यांतले एकही मावशींनी हौसेने आणलेले नाही. एक पावसात कुडकुडत आले. एक शेजारचे बिऱ्हाड गाव सोडून गेले तेव्हा मागे राहिले. दोन पिल्ले कोणी पुण्यवंताने पोत्यात घालून चव्हाट्यावर टाकली होती. 'आली ती राहिली', एवढेच त्या सांगतात.

पहाटे विहिरीचे पाणी, अंगणाची झाडलोट आणि तुळशीची पूजा आटोपते न आटोपते तोच उकड्या तांदळाचे भांडे चुलीवर चढते. मासळीवाली त्यांच्यासाठी बांगड्यांची डोकी वेगळी ठेवते. ती शिजवून, काटे हाताने वेचून भातात कालवायची म्हणजे तासाभराचे काम. श्रावणात मावशींच्या स्वयंपाकघरात मासळी येत नाही. पण परसात तीन दगडांची चूल मांडून त्या कुत्र्यांपुरते शिजवतात आणि पुन्हा स्नान करून देवापाशी जातात. 'व्रत माझे आहे, त्यांचे नाही' हे त्यांचे उत्तर भल्याभल्या शास्त्र्यांनी ऐकून घेण्याजोगे आहे. दुपारी गोचिड्या काढणे, खरजेवर करंजेल चोळणे; संध्याकाळी साऱ्या लवाजम्यासह शेताच्या बांधापर्यंत फेरी. नरकासुराच्या रात्री कर्ण्यांच्या गोंगाटाने कुत्री थरथरू लागली, की दार लावून त्या त्यांच्यात बसून राहतात. मुलगा मुंबईस बोलावतो, तेव्हा 'यांचे कोण करील?' असा त्यांचा प्रश्न असतो. गुडघे दुखत असूनही त्या दिवसभर चालत्या-फिरत्या आहेत, याचे श्रेय आम्ही औषधांपेक्षा या आठ जणांनाच देऊ.

गावाला हे कौतुक नाही. रात्री दुचाकीवरून परतणाऱ्याच्या मागे कुत्री धावतात, शाळेची मुले वाट बदलतात, आणि दोष मावशींच्या पदरात पडतो. दत्तमूर्तीच्या पायांशी असलेल्या चार कुत्र्यांना वेद म्हणून हात जोडणारा भाविक देवळाबाहेर येताच दगड उचलतो, ही विसंगती आम्हांस नेहमीच खटकत आली आहे. तरीही ज्याच्या मुलाला कुत्रे चावले, त्या बापाला भूतदयेचे प्रवचन ऐकविणे आम्हांस साधणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही. चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुणे आणि विनाविलंब लस टोचून घेणे, हाच उपाय.

परंतु हा रोग दगडांनी हटत नाही. एखाद्या भागातील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत राहिली, तर त्याची साखळी तुटते. गोव्यात 2014 पासून जाळी घेऊन वाड्यावाड्यांवर हिंडणाऱ्या पथकांनी हेच काम केले, आणि 2021 साली रेबीज-नियंत्रित जाहीर झालेले गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. अनोळखी माणूस जाळे घेऊन आला की कुत्री रानात पळतात. मावशींनी हाक मारली की आठही जण सोप्यावर येतात. कोणाला लस मिळाली, कोणती कुत्री गाभण आहे, कोण कालपासून जेवले नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. कुत्र्याची वागणूक बदलल्याचे सर्वांआधी ज्यांच्या ध्यानात येईल, त्यांनाच गाव उपद्रवी समजतो!

सरसकट कुत्री उचलून नेण्याची मागणीही होते. पण उकिरडा तसाच राहिला तर रिकाम्या जागी लस न मिळालेली नवी कुत्री येतात. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्लीतील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला त्यात बदल होऊन, पिसाळलेली व आक्रमक वगळता इतर कुत्री निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे ठरले. रस्त्यात वाटेल तेथे अन्न घालण्यास मात्र मनाई झाली; त्यासाठी नेमून दिलेली जागा हवी. त्याआधी 2023 च्या केंद्रीय नियमांतही मुलांच्या खेळण्याच्या जागा टाळून खाऊ घालण्याची सोय करण्यात स्थानिक संस्थांना जबाबदार धरले आहे. हा निर्बंध आम्हांस योग्य वाटतो. शाळेच्या फाटकापाशी भात ओतणे ही दया नव्हे, आणि मावशींनाही ते मान्य आहे.

मग पंचायत काय करते? लग्नाच्या जेवणावळींच्या पत्रावळी आणि कोंबडीवाल्याची घाण रस्त्याकडेला महिनोन्महिने पडते, तिकडे कोणाचे लक्ष नाही. पूर्वी वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्याचा भाग घरोघर काढला जाई. म्हणजे हा भार सबंध गावात विभागलेला होता. आज तो एका वृद्धेच्या तांदळाच्या डब्यावर आला आहे. गेल्या पावसात त्या चार दिवस तापाने पडल्या, तेव्हा शेजारच्या एका मुलाने कुत्र्यांना पेज घातली. एरव्ही विचारणारे कोणी नव्हते.

त्या बऱ्या झाल्यावर स्वतः चालत पंचायतीत गेल्या आणि अर्ज देऊन आल्या. अर्जात मागणे दोनच: शाळेपासून दूर, माडांखालची एक जागा खाऊ घालण्यासाठी नेमून द्यावी, आणि दोन कुत्र्या शस्त्रक्रियेसाठी नेण्यास एक दिवस वाहन मिळावे. पैसे त्यांनी मागितलेले नाहीत. अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही. येत्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, अशी आमची सरपंचांना विनंती आहे.