प्रतिबिंबाची साक्ष

नव्या मोटारीपुढे उभे राहिलेले सामान्य गिऱ्हाईक तिच्या रंगाची तारीफ करते. परंतु जन्मभर संगणकावर पत्र्याचे आकार रचीत आलेला मनुष्य रंगाकडे ढुंकूनही न पाहता किंचित वाकतो, आणि छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बॉनेटवरून कसे वाहत जाते एवढेच निरखतो. पत्रा हाताला कितीही गुळगुळीत लागो, त्याची खोड प्रतिबिंबाला लपविता येत नाही.

असे वळणदार आकार संगणकाच्या आधी हाताने आखीत. जहाजांचा घाट आखणारे जुने कारागीर लांब, लवचीक लाकडी पट्टी मांडून तिच्यावर जागोजागी शिशाची वजने ठेवीत, आणि दोन वजनांच्या मध्ये पट्टी आपल्या स्वभावाने जशी वळे तशी रेषा कायम करीत. या पट्टीचे ‘स्प्लाइन’ हे नाव १९४६ साली गणिती शोएनबर्ग यांनी आपल्या वक्रांना दिले. पुढे १९५९ च्या सुमारास फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो यांनी मोजक्या बिंदूंवरून वक्र काढण्याची युक्ती शोधली. पण मालकांनी ती दप्तरात बंद ठेवली, आणि रेनो कारखान्यातील पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे त्याच वक्रांपर्यंत पोहोचून आपले काम प्रसिद्ध केले, म्हणून आज सर्व जग त्यांना बेझिए वक्र म्हणते. युक्ती मात्र कास्तेल्जोंच्या नावाने शिकवतात. एवढी भरपाई काळाने केली.

ही युक्ती पेन्सिलीने करून पाहण्याजोगी आहे. कागदावर चार बिंदू मांडून ते क्रमाने जोडावे, म्हणजे तीन रेषा होतात. त्यांचे मध्य जोडले की दोन, आणि त्या दोहोंचे मध्य जोडले की एकच रेषा उरते. तिचा मध्य हा वक्रावरचा बिंदू, आणि ती रेषा त्याच जागी वक्राची स्पर्शिका. मध्याऐवजी तिसरा हिस्सा किंवा चौथा हिस्सा धरीत गेले, की सगळा वक्र हळूहळू कागदावर उतरतो. पहिल्या व शेवटच्या बिंदूतून तो जातोच. मधले दोन बिंदू त्याला नुसते आपल्याकडे ओढतात.

हेच दोन दिशांनी केले, की सोळा बिंदूंवर ताणलेला पृष्ठाचा एक तुकडा, म्हणजे पॅच, तयार होतो. खरी कटकट दोन पॅचच्या सांध्यावर. तेथे संगणक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे कृत्रिम प्रतिबिंब पाडून दाखवितो. कडा नुसत्या भिडल्या असतील तर पट्टे सांध्यावर तुटतात. दोन्ही बाजूंची स्पर्शिका जुळली असेल तर ते जोडले जातात, पण कोपरा करून वळतात. वक्रताही जुळली, तरच सांधा पार करताना त्यांना वळसा जाणवत नाही. स्पर्शिकेसाठी सांध्याच्या दोन्ही बाजूंचे लगतचे बिंदू सांध्यावरच्या बिंदूशी एका रेषेत आणावे लागतात. वक्रतेसाठी त्यापलीकडच्या ओळीचाही बंदोबस्त करावा लागतो.

शिकाऊ मनुष्य या ठिकाणी हटकून एकच चूक करतो. पृष्ठ लहरले की तो आणखी बिंदू घालतो, आणि प्रत्येक नवा बिंदू नवी लहर घेऊन येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने बॉनेटच्या एका कडेवर तीसएक बिंदू पेरले होते. दिवसभर एकेक बिंदू सरकवूनही पट्टे पाण्यावरच्या सावलीसारखे थरथरतच राहिले. फिलेट, म्हणजे कडेची गोलाई, घ्यावयास गेला तर संगणकाने साफ नकार दिला, कारण मागितलेली त्रिज्या पृष्ठाच्या एका खोलगट वळणाच्या त्रिज्येहून मोठी होती, आणि एवढ्या त्रिज्येचा चेंडू त्या खोबणीत टेकणे शक्यच नव्हते. त्रिज्या घटवून तूर्त निभावले असते. त्याने तसे न करता पृष्ठ पुसून टाकले, कडेचा वक्र पुन्हा काढला, आणि तीस बिंदूंचे सहा केले. खोबण नाहीशी झाली, मागितलेली गोलाई बसली. आणि पट्टे बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थरथरता गेले.