दीर्घलेखनाची मांडणी : चिठ्ठी ते संगणक

प्रबंधलेखनात टिपणे जमवण्यापेक्षा त्यांचा क्रम लावणे अधिक कठीण असते. डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत कोशासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. एका चिठ्ठीवर एकच प्रयोग व त्याचा संदर्भ, हे या पद्धतीचे मर्म होय. मजकूर आपल्या स्थानापासून मोकळा राहिल्याने तो हवा तेथे लावता येतो.

२००७ साली आलेल्या ‘स्क्रिव्हनर’ या आज्ञावलीत हेच तत्त्व दिसते. तीत प्रकरण लहान खंडांत लिहिले जाते. खंडाचे सारांश-कार्ड हलवले की मजकूरही हलतो आणि पूर्वीचा खर्डा जपून ठेवता येतो.

एकमेव प्रतीचा धोका मात्र दोहोंनाही आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे व पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यात सुटी चिठ्ठी, बांधीव हस्तलिखित आणि संगणक यांची गत सारखीच.

मराठी अभ्यासकापुढे लिपीचाही प्रश्न आहे. अनेक जुन्या देवनागरी टंकांतील अक्षरे रोमन संकेतांवर बसवलेली असल्याने टंक बदलताच मजकूर दुर्बोध होतो. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना १९९१ पासून स्वतंत्र संकेत आहेत. त्यामुळे शोध घेणे व मजकूर दुसऱ्या आज्ञावलीत नेणे शक्य होते.

म्हणून कोणतीही आज्ञावली स्वीकारताना टिपणात एकच मुद्दा असावा, मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. टिपणांमागील युक्तिवादाचा क्रम मात्र अभ्यासकालाच ठरवावा लागतो.